शाळेपर्यंतच्या फेऱ्या

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपला तालुका' असा विषय दिला होता. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षं काढलेली बाई दिसली की तिला हाच विषय द्यायचा, असा आता नियमच झालाय. मी तो परत केला आणि दुसरा मागून घेतला. आपल्या भागातल्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शाळेपर्यंत कसं पोचवायचं, एवढंच मला आज बोलायचंय. जेवण दहा मिनिटं थांबेल, थांबू द्या.

आधी एक शब्द बाजूला ठेवू. आपल्याकडं अशा लेकराला सरळ 'मुकं' म्हणतात. लेकरू मुकं नसतं. त्याला गळा असतो, आवाज असतो, रडतं-हसतं आपल्यासारखंच. त्याला ऐकू येत नाही, म्हणून ऐकून येणारं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. आता कुणी म्हणेल, शब्दानं काय होतं. होतं. 'मुकं' म्हटलं की घरचे जिभेचा इलाज करत बसतात. वेखंड उगाळून चाटवतात, टाळू बघतात, माळेगावच्या खंडोबाला नवस बोलतात, आपल्या दर्ग्यावर चादर चढवतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझ्या आईनंही माझ्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी दोन्हीकडं नवस केला होता. पण तेवढ्यात तीन-चार वर्षं निघून जातात, आणि मूल भाषा शिकतं ते नेमकं त्याच वर्षांत.

थाळीची परीक्षा तुम्हाला सगळ्यांना माहीत असेल. पाठीमागून थाळी वाजवायची. पोरगं वळलं की आजी म्हणते, "बघा, ऐकू येतंय की! याचा बापही उशिराच बोलला." पोरगं वळतं ते कधी वाऱ्याच्या झोतानं, कधी सावलीनं, कधी जमिनीतून आलेल्या हादऱ्यानं. शिवाय काही मुलांना मोठा दणका ऐकू येतो, पण माणसाच्या बोलण्यातला 'स' आणि 'त' ऐकू येत नाही. थाळी ऐकून भाषा शिकता येत नाही. डॉक्टरांचा साधा नियम असा, की जन्मानंतर महिन्याच्या आत कानाची पहिली तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडं सहाव्या महिन्यात उष्टावण होतं. कानाचा विषय निघतो अंगणवाडीत, तोही बाई हुशार असेल तर.

२०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या माणसांची नोंद पन्नास लाखांवर आहे. आपल्या तालुक्याचा आकडा मी सांगणार नाही, कारण जो घरात दडवलेला असतो तो मोजलाच जात नाही. पण पेठवडज, कुरुळा, बारूळ, फुलवळ, उस्माननगर, कुठंही पारावर बसून विचारा. "हाय की, अमक्याच्या घरी हाय एक" असं उत्तर मिळतंच.

मी यात कशी आले ते थोडक्यात सांगते. २०२० साली ऑफिस बंद झाली आणि मी लॅपटॉप घेऊन आईकडं कंधारला आले. शेजारी एक सात वर्षांचा मुलगा होता, कानाला यंत्र नाही, पण ओठ बघून बरंच समजून घ्यायचा. सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले आणि त्याचं जग बंद झालं. शाळा मोबाइलवर आली, म्हणजे फक्त आवाजावर आली. तो मोबाइलच्या पडद्याला बोट लावून माझ्याकडं बघायचा. पुढच्या वर्षी, गाड्या सुरू झाल्यावर, मी त्याच्या आईबरोबर नांदेडला गेले. एकदा जाऊन काम होईल असं त्या माउलीला कुणीतरी सांगितलं होतं.

आठ फेऱ्या झाल्या. माझ्या शिक्षणाचा मला इथं उपयोग झाला तो एवढाच, की मी प्रत्येक फेरी लिहून ठेवली.

पहिल्या फेरीत कान तपासला, आत मळ आणि जुना पू निघाला. औषध देऊन पंधरा दिवसांनी बोलावलं. दुसऱ्या फेरीत कान कोरडा झाल्याचं बघून पुढची तारीख मिळाली. तिसरी फेरी 'बेरा' नावाच्या तपासणीची. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि तो आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्र बघतं. लहान मूल त्या वेळी गाढ झोपलेलं लागतं. आई रात्रभर त्याला जागं ठेवते, पहाटेच्या एसटीत बसवते, आणि पोरगं पन्नास किलोमीटर बसमध्ये झोपून घेतं. दवाखान्यात उतरलं की टक्क जागं! चौथी फेरी पुन्हा त्याच तपासणीची. पाचवी प्रमाणपत्राची, कारण त्याचा वार ठरलेला असतो आणि तो तपासणीचा वार नसतो. सहावी कागदात नावाची वेलांटी चुकली म्हणून. सातवी कानाच्या साच्याचं माप द्यायला, आठवी यंत्र बसवायला. यात वाईट कुणीच वागलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. प्रत्येक टेबलावरच्या माणसानं आपलं काम केलं. फक्त एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंतचं अंतर त्या बाईच्या पायाखाली होतं.

आणि खर्च? सगळे तिकिटाचा विचार करतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. लेकराचंही अर्धंच. आजी पंच्याहत्तरीची असेल तर ती फुकट, म्हणून काही घरांतून आजीलाच पाठवतात. मग सही कुणी करायची हा प्रश्न येतो. दिव्यांग कार्ड असेल तर ७५ टक्के सवलत. गंमत बघा, ती सवलत कार्ड मिळाल्यावर सुरू होते, आणि कार्ड मिळतं तेव्हा बहुतेक फेऱ्या संपलेल्या असतात. पण तिकीट हा मोठा खर्च नाहीच. मोठा खर्च बुडालेल्या रोजाचा. खुरपणीच्या दिवसांत, सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत एक दिवस नांदेडला जायचं म्हणजे एक रोज गेला. बाप बरोबर आला तर दोन. आठ फेऱ्यांचे सोळा रोज. आणि दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेलं, की फेऱ्यांची साखळीच तुटते. परत येतात तेव्हा उन्हाळा असतो, आणि सगळं पहिल्यापासून.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'पालकांमध्ये जागृती नाही' हे वाक्य आपण वापरणं बंद करावं. फेरीमागं एक रोज देणारी बाई जागीच असते. कमी करायच्या आहेत त्या फेऱ्या.

आम्ही केलं ते फार साधं आहे. एक जीप, महिन्यातून एक ठरलेला दिवस, चार-पाच मुलं एकदम. आधी फोन करून विचारायचं: यंत्र चालू आहे का, तपासणारे रजेवर नाहीत ना, प्रमाणपत्राचा वार कुठला. हे फोन मी पुण्यातून करते, त्यासाठी गावात असावं लागत नाही. कागदाच्या झेरॉक्स आणि नावाची वेलांटी आदल्या दिवशी इथंच तपासायची. रांगेत उभं राहायला एक माणूस वेगळा, म्हणजे आई लेकराजवळ राहते. आणि झोपेचा प्रश्न आपल्याच एका वर्गमैत्रिणीनं सोडवला. तिचं घर नांदेडला आहे. तपासणीची मुलं आणि त्यांच्या आया आदल्या रात्री तिच्याकडं मुक्कामाला जातात. रात्री उशिरापर्यंत ती मुलांना खेळवते, पहाटे चारला उठवते, आणि सकाळी रिक्षानं दवाखान्यात नेते. मुलं तिथं पोचून झोपतात. तिनं मला तिचं नाव घ्यायला बंदी केलीय, आणि आत्ता ती तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलीय. आठ फेऱ्यांचं काम आता तीन-चार फेऱ्यांत बसतं.

माझ्या कंपनीतल्या मित्रांनी हे ऐकून लगेच 'अॅप करून देतो' म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. आमच्याकडं एक शीट आहे. मुलाचं गाव, वय, पुढची तारीख, बॅटरी कधी संपणार, साचा कधी बदलायचा, बरोबर कोण जाणार. तारीख जवळ आली की रकाना लाल होतो. अॅप केलं तर ते वापरणार कोण? ज्या माउलीला वापरायचंय तिच्याकडं साधा फोन आहे, आणि तोही धन्याच्या खिशात. त्यापेक्षा त्या लाल रकान्याकडं बघून फोन उचलणारा माणूस जास्त उपयोगी.

तंत्रज्ञानाला मी नावं ठेवत नाही हं. टेलिफोन काढणारे ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला आणि बायकोला, दोघींनाही ऐकू येत नव्हतं. इंटरनेटची मूळ रचना करणाऱ्यांपैकी व्हिंट सर्फ तरुणपणापासून श्रवणयंत्र लावतात. ज्यावर माझं पोट चालतं त्यातलं बरंचसं ऐकू न येणाऱ्यांच्या अडचणीजवळून निघालंय. पण पेठवडजच्या फाट्यावर सकाळी साडेसहाला उभं राहायला माणूसच लागतो.

यंत्राबद्दल दोन शब्द, कारण परदेशातले आपले मित्र फोन करून विचारतात, "जुनी श्रवणयंत्रं गोळा करून पाठवू का?" कृपा करून पाठवू नका. चष्मा जसा दुसऱ्याचा चालत नाही तसं हे. प्रत्येक कानाचं ऐकणं मोजून यंत्र लावावं लागतं, साचा त्याच कानाचा लागतो, आणि लेकराचा कान वाढतो म्हणून साचा थोड्या-थोड्या महिन्यांनी नवा करावा लागतो. सैल साचा शिट्टी मारतो, पोरं हसतात, लेकरू यंत्र काढून ठेवतं. बटणाएवढी बॅटरी आठ-पंधरा दिवसांत संपते. किराणा दुकानात ती मिळत नाही. शिबिरात वाटलेली किती यंत्रं मी घराघरांत कुंकवाच्या डब्याशेजारी जपून ठेवलेली पाहिलीत! टाकलेली नव्हेत, जपलेली. मौल्यवान वस्तू म्हणून. आफ्रिकेत बोट्सवानात गोडिसा नावाच्या संस्थेनं उन्हावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र बनवलं, आणि ते जोडण्याचं काम बहिऱ्या कामगारांनीच केलं. आपल्याकडं ऊन काही कमी नाही. पण आज, या घडीला, बॅटरीची पाकिटं बसवाहकाकडून गावात पोचवणं हाच आमचा मार्ग आहे, आणि कंधार आगाराच्या वाहकांनी ती कधी हरवली नाहीत.

कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन सरकारी योजनेतून होतं, लहान वयात झालं तर चांगला गुण येतो. पण ऑपरेशननंतर बोलायला शिकवण्याची थेरपी वर्षानुवर्षं चालते. ऑपरेशन एकदाच, थेरपीला आठवड्याला फेरी. रोजाचा हिशोब तुम्हीच करा.

आता शाळा. शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, ज्याची त्यानं निवड करावी. वाहनाची सोयही त्यात लिहिलेली आहे. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता आहे, सोबत येणाऱ्याचा मदतनीस भत्ता आहे. हे सगळं मागायचं असतं, आणि मागितलंच पाहिजे. फक्त सरकारी पैसा त्याच्या वेळेनं येतो आणि जीपवाला एक तारखेला दारात येतो. मधला काळ कुणीतरी भरून काढायचा असतो.

निवड म्हणाल तर कागदावर दोन वाटा आहेत. एक, गावची जिल्हा परिषद शाळा. तिथं असा मुलगा बहुधा शेवटच्या बाकावर सापडतो. त्याची वही उघडा, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं. गुरुजी कौतुकानं दाखवतात. त्याच वहीतल्या 'पाऊस' शब्दावर बोट ठेवून खिडकीकडं खूण करा, तो गोंधळतो. तो अक्षरं काढत नसतो, चित्रं काढत असतो. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक येतात, मनापासून शिकवतात, पण एकेका शिक्षकाकडं किती शाळा असतात ते इथल्या शिक्षक मित्रांना मी काय सांगू.

दुसरी वाट निवासी मूकबधिर विद्यालयाची. आपल्या भागातून म्हणजे नांदेड, नाहीतर लातूरकडं. कुरुळ्याच्या बाजूला तर जळकोट-उदगीर जवळ, आणि कागद मात्र नांदेडचे. तिथं शिकवणारी माणसं असतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यासारखी दुसरी मुलं असतात. पण एक आई मला म्हणाली, "सहा वर्साचं लेकरू. रात्री पोट दुखलं तर कुणाला सांगंल, ताई?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. त्या दिवशी तिनं नाव घातलं नाही. दुसऱ्या वर्षी घातलं, आम्ही तिला आधी चार दिवस त्या वसतिगृहात राहायला नेलं तेव्हा.

मी निवासी शाळेच्या बाजूनं बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी मावसबहीण असते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जन्मापासून बहिरी. गोधडी अशी शिवायची की टाके मोजून घ्यावेत. घरापुरत्या तिच्या तीस-चाळीस खुणा होत्या: पाणी, भाकरी, म्हैस, बाप, पाहुणे. 'उद्या' ही खूण होती. 'पुढच्या वर्षी' नव्हती. शाळा लांब म्हणून ती कधी शाळेत गेली नाही. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवायचे. मला सांगा, तिला स्वतःला एक नाव आहे हे तिला माहीत होतं का? मी दहावीला पहिल्या दहांत आले तेव्हा घरात पेढे वाटले, आणि ते कशाचे, हे तिला कुणालाच सांगता आलं नाही. मी माझ्या परीनं हातवारे करून पाहिले. तिनं पेढा खाल्ला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

खुणा शिकवाव्यात की बोलणं, यावर जाणकारांत जुना वाद आहे. मुंबईला बहिऱ्यांसाठीची देशातली पहिली शाळा १८८०च्या दशकात निघाली; पुढं किती तरी वर्षं आपल्याकडं भर ओठ वाचण्यावर आणि बोलण्यावरच राहिला, वर्गात खुणा करणं वाईट समजलं गेलं. आता दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ साली झालीय, तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत, आणि तो मोबाइलवर फुकट बघता येतो. मी तज्ज्ञ नाही, पण माझं मत विचाराल तर लेकराला दोन्ही द्या. कानाला यंत्र लावा आणि हातही मोकळे सोडा. ज्याला अजून एकही भाषा मिळालेली नाही त्याच्या बाबतीत आपण भाषेची निवड करत बसू नये.

आणि निवासी शाळेत घातलं म्हणजे काम संपलं असंही नाही. मूल घरी यायला पाहिजे. महिन्यातून दोन शनिवार तरी. नाहीतर दिवाळीत घरी आलेलं पोरगं आईला पाहुण्यासारखं बघतं. आम्ही शनिवारची सोबत बांधलीय. निवृत्त झालेले दोन गुरुजी पाळीपाळीनं नांदेडला जातात, मुलांना घेऊन येतात, रविवारी सोडून येतात. मुलाच्या गळ्यात कार्ड: नाव, गाव, फोन. बहिरं लेकरू बसमध्ये झोपलं तर वाहकाची हाक त्याला ऐकू येत नाही, ते पुढच्या गावी जातं आणि आपण कुठले हे सांगू शकत नाही. आईबापांची मोठी धास्ती हीच असते. यातल्या एका मुलानं वाचलेला पहिला शब्द 'कंधार' आहे. पुस्तकातला नव्हे, बसच्या पाटीवरचा. तो नांदेडच्या स्थानकात गाड्यांच्या पाट्या बघत पळतो आणि आपली गाडी सापडली की गुरुजींचं धोतर ओढतो. त्याला अर्थासकट आलेला हा शब्द.

भाई केशवराव धोंडगे यांचं नाव आज इथं अनेकांनी घेतलं. मन्याड खोऱ्यात गावोगाव शाळा काढताना त्यांनी संस्थेच्या नावातच 'मोफत' शब्द घातला, आणि गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. आजही गावातलं ऐकू न येणारं पोरगं बहुतेक वेळा शेरडांमागं असतं. त्या कामाला बोलावं लागत नाही ना.

आता मागणं. पैसे थोडे लागतात, ते आपल्या बॅचच्या गटावर जमतात. अमेरिकेतल्या मित्रांनी जीपचं वर्षाचं भाडं उचललंय, त्यांचे आभार. कमी आहे ती माणसांची. नांदेडला आणखी एक घर हवंय मुक्कामासाठी, दवाखान्याजवळ असेल तर उत्तम. लातूरला किंवा उदगीरला कुणी असेल तर कुरुळ्याकडच्या मुलांचं फार काम होईल. शनिवारच्या सोबतीला तिसरा माणूस हवा, कारण एका गुरुजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. जे डॉक्टर झालेत त्यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला बाळाच्या कानाची तपासणी लिहून द्यावी, आणि कानात तेल घालू नका हे रागावून सांगावं. नात्यातली लग्नं, मामा-भाचीची, यांचाही जन्मजात बहिरेपणाशी संबंध आहे. तेही सांगावं, पण ज्या घरात मूल आधीच जन्मलंय तिथं आईला दोष वाटणार नाही अशा बेतानं. शिक्षक मित्रांनी शेवटच्या बाकावरची सुंदर अक्षराची वही एकदा नीट बघावी.

पुढची गाडी येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. शाळेच्या फाटकापासून सकाळी साडेसहाला निघेल, फुलवळला दोघं बसतील. चार मुलं, तीन आया, एक आजी. रांगेत उभं राहायला माणूस अजून ठरलेला नाही. वही मी बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलीय, पेन दोरीनं बांधलंय. नावापुढं गाव आणि मोकळा वार लिहा.